मोदकपात्रातला ओरोमो

फुरसुंगीचा कांदा, मंडईतला लाल भोपळा,
आणि चरबीच्या जागी तूप, कारण पात्र मोदकाचं.
"त्यात मटण शिजवलंस तर गणपतीत मी काय करू?"
आईचंही खरंच आहे.

बुरुल एजे म्हणायची, पोळी इतकी पातळ लाट
की खालचा पेपर वाचता यावा.
बिश्केकला ती अक्षरं मला सगळी लागायची नाहीत.
इथे धनकवडीत, जेवणाच्या टेबलभर पसरलेल्या पोळीतून
बाबा मोठ्यांदा वाचतात:
परदेशी एमबीबीएस, स्क्रीनिंगची खात्रीशीर तयारी,
नवी बॅच सोमवारपासून.
आणि मग चष्मा पुसत बसतात.

मी भोपळा पसरते, गुंडाळते, वेटोळं घालते
बाहेरून आत,
अगदी लहान आतड्यासारखं.
"खायच्या वस्तूला असलं म्हणू नये गं.
अळूवडीच की ही, न कापलेली."

पाऊण तास वाफ.
तिसऱ्या खेपेचा निकाल शुक्रवारी.
एजेचा फोन येतो. निकालाचं ती विचारत नाही,
तिला एवढंच हवं असतं:
झाकण मधेच उघडलंस का?

नाही, एजे.
या वेळी नाही उघडलं.