दहा मिलीमीटरचा आस

एकोणीस हजार पाचशेला आली, निळी,
लेकीने मोबाइलवरून मागवलेली.
खोक्यावर एक पोरगा हसत होता,
त्याला गुडघे असावेत असं वाटत नव्हतं.
"पप्पा, नुसती चालवा. उघडू नका."
मी तेहतीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये
दुसऱ्यांनी बंद केलेलं उघडत आलो.
चौथ्या दिवशी वॉरंटीचा स्टिकर
ब्लेडने अलगद उचलला.

आत पाऊण वितीचा कंट्रोलर,
अकरा वायरी,
आणि कुणाच्या तरी घाईचा गरम गोंद.

समोरच्या अहिररावांची चैताली,
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, पायरीवर बसून म्हणाली,
काका, वायर सरळ आत नेलीत तर पाणीही सरळ आत जाईल.
खाली झोल द्या, टोकावरून गळून पडेल.
मी लोखंडाचा माणूस.
पाणी मला आजवर गंज होऊनच भेटलेलं.
झोल दिला.

मग त्र्यंबक रोडला, महिरावणीकडच्या चढाला,
मूठ पुरती पिळलेली असताना
मागे खाड्‌कन काहीतरी झालं.
बघतो तर चाक जागेवर
आणि आस फिरलेला.
वायरी पिळलेल्या, धुतलेल्या फडक्यासारख्या.
ह्या सायकलीत फिरायचं ते चाकाने.
आसाने धरून राहायचं,
आणि त्याला धरायला कंपनीने दिलेले
दोन नट, नरम, ताटाच्या पत्र्याचे म्हणावे असे.

ढकलत आणली.
अशोकनगरच्या कोपऱ्यावर मुख्तार हात पुसत म्हणाला,
वायरवाल्या चाकाला मी हात लावत नाही, काका.
साधी आणा, फुकट काढून देतो.

फाटकाच्या जुन्या बिजागरीची पट्टी, जाडीला दोन सूत.
निरोपाला कंपनीने घड्याळ दिलं होतं,
व्हर्नियर मात्र माझा स्वतःचा.
आसाचे चपटे गाल नऊ पॉइंट ब्याण्णव.
खाच नऊ पॉइंट सातपर्यंत आली तेव्हा
कानस बदलली, बारीक घेतली.
चहा दोनदा निवला.
प्रमिला दारात येऊन म्हणाली,
"काय घासताय एवढं?"
"आस बसवायचाय."
"ह्या वयात? कसली?"
"मागच्या चाकाची."
ती आत गेली, आणि आतून बराच वेळ
भांड्यांबरोबर तिचं हसणं ऐकू येत राहिलं.

पट्टी बसली.
हातोडी लागली नाही, अंगठा पुरला.
दुसरं टोक फ्रेमला क्लिपने आवळलं
आणि त्याच चढाला परत गेलो, मूठ पुरती पिळून.
काही झालं नाही.
काहीच न होण्यासाठी दोन दिवस घासलं होतं.

बाकी तिची दुखणी चालू आहेत.
मोटारच्या बाजूचे आरे महिन्याला एक तुटतात.
डिसेंबरात पारा आठवर उतरला
की तीन दांड्यांची बॅटरी चढ बघून एकीवर येते.
चैताली म्हणते, थंडीत सेल आळसावतात.
जुन्या स्वेटरची बाही कापून तिला घातली.
उसवलेली बाही. चालते.

आणि ती पांढरी वायर.
तोडली की पंचविसाचे चाळीस होतील, असं चैतालीच म्हणाली,
आणि लगेच, मी सांगितलं म्हणू नका.
मी ती बोटात धरून बसलो,
मग टोकाला टेप गुंडाळून आत सारली.
तोडली नाही.
तोडणार नाही, असंही काही नाही.

परवा मुख्तारने हवा भरता भरता
वाकून ती पट्टी पाहिली. नखाने खाच तपासली.
"हे कुठं मिळालं?"
"केलंय."
"आणखी एक होईल? एका पाववाल्याची आहे,
अशीच स्वस्तातली. किती घ्याल?"

तेहतीस वर्षं माझ्या कामाचा भाव
वरच्या मजल्यावर कुणीतरी ठरवत आलं.
"बघू," म्हणालो,
"आधी त्याचा आस मोजून आण."