इशारा पातळी

राजाराम बंधाऱ्यावर
एकोणतीस वर्षं मी पाणी वाचलं.
पट्टीवर दोन रेघा:
एकोणचाळीस फुटांना इशारा,
त्रेचाळीसला धोका.
मधले चार फूट
म्हशी सोडायला असतात,
पोती माळ्यावर चढवायला,
हलणार नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांशी भांडायला.

एकोणचाळीसला मी फोन करायचो.
कुणी म्हटलं नाही कधी,
आधी बुडालेलं माणूस दाखव.
एका साली चाळीसवरनंच पाणी उतरलं.
चिखलीकरांनी शिव्या घातल्या:
दोन रात्री शाळेत, वैरण भिजली, दुधाचा खाडा.
मी ऐकून घेतल्या.
पुढच्या साली परत केला फोन.

हुपरीत चंपूताई पैंजणाला घुंगरू जोडते.
बत्ती, फुंकणी,
चांदीत कॅडमियमचा डाग.
डाग म्हणजे जोड. डाग म्हणजे दागिना.
छातीच्या फोटोत डॉक्टरांनी बोट ठेवलं
तोही डागच.

कलेक्टर कचेरीत समिती बसली.
साहेब सज्जन होते, चहा मागवला.
म्हणाले, संशय आहे, पुरावा नाही.
बत्तीस घरं तपासली, सात जणांना खोकला,
त्यातले तिघं तंबाखूवाले.
आणखी पाच वर्षं अभ्यास लागेल.
मी विचारलं,
अभ्यास होईतोवर धूर थांबणार का?
इतिवृत्तात ते आलं नाही.

घरी ताईच माझ्यावर उखडली.
दुसरा डाग महाग, ज्योत मोठी लागते,
जोड पिवळी दिसली की शेठ माल फेकतो अंगावर.
बंद करा म्हणतोस,
किलोमागची मजुरी कोण देणार,
तुझं पाटबंधारे खातं?

खरं होतं.
चिखलीला निदान वैरण मिळते,
थोडी, उशिरा, सही घेऊन.
आदगोंडा भावजी काही बोलले नाहीत.
उठून खिडकी उघडली त्यांनी,
तर ज्योत हलायला लागली,
तर लावली.

ताईचं पाणी कुठवर चढलंय
मला वाचता येत नाही.
तिच्या पट्टीवर कुणी रेघच मारलेली नाही.
पण पलीकडे पाटावर
सुप्रभा बसली होती, सहावीतली,
चिमट्यानं घुंगरं मांडत,
धुराकडं तोंड करून.
मी तिचा दंड धरला.

मामा, एवढी ओळ होऊ दे.

ओळ राहू दे, म्हटलं.
ऊठ.