रकाना

आशा हे माझं नाव नाही, हुद्दा आहे.
नाव शालन.
त्या वर्षी गावानं मला नावानं हाक मारलीच नाही;
लांबूनच, तोंडावर पदर धरून,
"ओ आशाताई, आमच्या दारात नगं."

वहीत चार रकाने : ताप, खोकला, ऑक्सिजन, धाप.
विट्याच्या अलीकडं आमची वस्ती,
शाळेत बारा माणसं कोंडलेली, सगळी गलाईवाली.
कुणी सेलमचं, कुणी कटकचं, कुणी पार आसामातलं दुकान
शटर ओढून आलेलं.
फळ्यावर मार्चमधला वार तसाच
आणि अर्धवट सुटलेला भागाकार.

भानुदास तिसरीच्या वर्गात.
बोटांवर तेजाबाचे जुने डाग.
ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव.
मी लिहिलं : ठीक.

चौथ्या दिवशी लिहिलं : ठीक.
पाचव्या दिवशी मनगटावर घड्याळ नव्हतं,
खिडकीतून सुताराच्या पोराला देऊन टाकलं म्हणे.
सहाव्या दिवशी दुकानदार सांगत होता,
"चार वर्षांची उधारी फोनवरनं मिटवली गड्यानं. भला माणूस."
आणि भानुदास हसून मला म्हणाला,
"ताई, तुमाला लई तरास दिला."

चटका बसला.
असंच हसून, पंधरा दिवसांपूर्वी,
मळ्यातल्या सुरेखानं मला चहाला थांबवलं होतं.
माझी अजून चाळीस घरं राहिली होती.
तिच्या नावापुढं माझ्याच अक्षरात
सत्त्याण्णव आहे.
तिला कोरोना झालाच नव्हता.

मी चप्पल काढली, पायरीवर बसले.
कपाळावर धरायची बंदूक पिशवीत टाकली.
हात कसे धुवायचे ते शिकवलं होतं आम्हाला,
हे नव्हतं.
म्हटलं, "भानुदासभाऊ, मरावंसं वाटतंय का?"

शब्द बाहेर पडला
आणि काहीच कोसळलं नाही.
बोअरची मोटार चालू होती. कुणाची तरी शेळी ओरडली.
मग मास्कच्या आतून,
"कुणी इचारलंच न्हाई ओ."

आणि बोलतच राहिला.
सेलमची गल्ली, थंड भट्टी, दुकानाचं भाडं,
थोरला भाऊ, जो पिशवीतूनच गेला,
"आत त्योच हुता का, कुणाला ठावं."
मधेच तमिळमध्ये काहीतरी.
मला कळलं नाही, मी मान हलवली.
धीर धरा म्हणाले नाही.
धीर काय शेरडू आहे, दावं धरून ठेवायला?

अंधार पडला. मी सिस्टरला फोन लावला,
सिस्टरनं डॉक्टरांना, डॉक्टरांनी सांगलीच्या एका बाईंना.
त्या रात्री दीड वाजता त्याच्याशी बोलल्या,
हळू, खूप वेळ.
सुताराचं पोर अंथरूण घेऊन व्हरांड्यात आलं,
खिडकीत घड्याळ ठेवलं.
"मला टाइम बघाय येत न्हाई," म्हणालं,
"तुमीच सांगत जावा."

अजून सांगतो. सेलमहून, रोज नऊच्या सुमारास.

वहीत मी पेन्सिलीनं पाचवी रेघ ओढली.
रकान्याला नाव काय द्यायचं, सुचेना.
बैठकीत मॅडम म्हणाल्या, "हे पोर्टलवर भरता येत नाही, खोडा."
खोडली.
वही उजेडात तिरकी धरली की वळ दिसतो.

सुरेखाच्या पानावर ओढली नव्हती.
तिथं आता काय भरणार.

चहाला थांबा म्हटलं कुणी, की थांबते.
चाळीस घरं राहिली असली तरी.