एक पोतं म्हणजे किती

गोदामाच्या यादीत पोतं साठ किलोचं,
हिशेबखात्यात एकोणसत्तर,
आणि जकातवाल्यांच्या संगणकात पोतं म्हणजे
नुसतं एक पोतं.
वजनाशी त्यांना देणंघेणं नाही.

त्रिएस्तेच्या बंदरात तिसऱ्या मजल्यावर
नीवेस हे जुळवत बसलीय.
बाहेर बोरा सुटलाय, तावदानं वाजतायत,
सांतोसचं जहाज धक्क्याला लागलंय
आणि तीन यंत्रं तीन तोंडांनी बोलतायत.

वरून हुकूम : मूळ नोंद एकच ठेव,
बाकीच्यांनी तिथूनच उचलायचं.
पोत्यांचं जमलं दुपारपर्यंत.
आता आधी देश विचारायचा, मग वजन.

मग ग्राहक.
कोसुता. कोस्सुत्ता. कोशुता.
पत्ता तोच, जन्मतारीख तीच.
यंत्र विचारतं : एकत्र करू?

हा म्हातारा तिच्या माहितीतला.
वरच्या कार्स्टातल्या गावात जन्मला तेव्हा
नावातल्या एका अक्षरावर छोटी टोपी होती.
शाळेत जायच्या आत सरकारनं ती उतरवली,
बदल्यात एक ‘त’ जास्तीचा दिला.
म्हातारपणी त्यानं अर्ज करून टोपी परत आणली,
निम्म्या कागदांवर.

ती फोन लावते. कुठलं ठेवू?
पलीकडे कॉफी भाजण्याचा खडखडाट.
‘ज्या नावानं माल वेळेवर येतो ते ठेव, पोरी.’
मग जरा थांबून,
‘पण टोपी बसत असेल तर बघ.’

ती टोपीसकट टाईप करते. हो दाबते.
तीन माणसांचा एक होतो.
जकातीच्या पडद्यावर मात्र
टोपीवाल्या अक्षराच्या जागी
एक प्रश्नचिन्ह.

नीवेस कोट चढवत नाही अजून.