तिसरा हिसका

एलिसेओ, काल तुझं घर ओढलं आम्ही.
ओंडक्यांवरून सरकत, सोळा बैलांमागे,
टेकडी उतरून भरतीच्या पाण्यापर्यंत आलं ते,
मग होड्यांना बांधून खाडीपार नेलं.
लठ्ठ बदकासारखं डुलत होतं.
अख्खं लेमुय बेट दोर धरायला लोटलं होतं.
मी हात लावला नाही.
आई काही बोलली नाही. बटाटे सोलत राहिली,
जांभळे, गाठाळ, तुला न आवडणारे.

बटाटे आवडत नसत तुला! या मातीत जन्मून!
आजोबांनी तुला थेट पाद्र्यापुढे उभं केलं होतं
या पापाबद्दल.

लोक तुझा संत करून टाकतात आता. मला राग येतो.
तू उधारी बुडवायचास.
इर्माबाईंच्या वहीत अजून तुझ्या नावावर
चार बाटल्या आणि एक टॉर्च आहे.
मी मुद्दाम फेडत नाही.
कुठल्यातरी वहीत तुझं नाव चालू खात्यात असू दे.
अकॉर्डियनवर तुला तीनच गाणी यायची,
चौथं सुरू करायचास आणि म्हणायचास, जेवायला चला.
रोसाल्बाला द्यायला चिठ्ठी दिलीस माझ्याकडे,
मी वाटेत उघडली:
"उद्या उत्तरेचा वारा आहे. कपडे वाळत घालू नकोस."
एवढंच. खाली सही.
तिनं ती अजून जपली आहे, तिच्या नवऱ्यालाही ठाऊक आहे.

लहानपणी आपल्या दोन खाटांमध्ये सुतळी होती,
एक टोक तुझ्या अंगठ्याला, एक माझ्या.
एक हिसका: जागा आहेस?
दोन: बाबा पिऊन आलेत, गप्प पड.
तीन: ये इकडे, माझ्या पांघरुणात.

नंतर तीच भाषा आपल्याला पगारावर शिकवली कंपनीनं.
एक: ठीक आहे. दोन: दोरी सैल सोड. तीन: वर घे.
तू तीस मीटर खाली, सामनच्या जाळ्याच्या तळाशी
मेलेले मासे पोत्यात भरत,
मी होडीत, कॉम्प्रेसरच्या धुरात, तुझी दोरी हाताला गुंडाळून.
दिवसातून दोनदाच उतरायचं असा नियम होता.
त्या दिवशी तू पाचदा उतरलास.
मोजणारा मीच होतो.

वर आलास ते हसत.
पाव खाल्लास, खांदा दुखतोय म्हणालास,
मग पाय कुठे गेले म्हणून विचारलंस, जणू बूट विचारावेत.
दाबाची कोठी मोठ्या बेटावर, मध्ये खाडी,
आणि फेरीच्या रांगेत आमच्यापुढे मेंढ्यांचा ट्रक.
तेवीस वर्षांचा माणूस आणि पुढे मेंढ्या.
फेरीत तुला बोलता येईना.
तू माझी बाही धरलीस.
एक.
दोन.
मग बोट हलली, की तू ओढलंस?
नऊ वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही.
दोन असतील तर तू म्हणालास, सोड.
तीन असतील तर
मी तिथे होतो ना, एलिसेओ, तुझ्याच उशाशी होतो,
आणि वर घ्यायला दोरी नव्हती.

तर काल. पलीकडच्या किनाऱ्यावर घर चिखलात रुतलं.
बैलांच्या तोंडाला फेस. म्हातारा वाल्देमार ओरडला,
अजून एक माणूस हवा, एकच!
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
इतक्या ठरवून पाहिलं नाही की मला हसू आलं.
दोर ओला होता, काथ्याचा, हाताला टोचणारा.
त्यांनी मोजलं, एक, दोन,
आणि मी तिसऱ्याची वाट न पाहता ओढलं.

घर जरा तिरकंच बसलंय.
तुझी खिडकी समुद्राकडे व्हायला हवी होती,
बैल दमले होते, कुणी वळवली नाही.
ती आता इर्माबाईंच्या दुकानाकडे उघडते.