अर्धा तास आधी

सातपूरला एकतीस वर्षं मी पंप उघडले.
सबमर्सिबल, मोनोब्लॉक,
जळक्या वाइंडिंगचे, गाळानं तोंड भरलेले.
नुसत्या आवाजावरून सांगायचो
बेअरिंग गेलंय की इंपेलर.

माझ्याच पोटात पंप आहेत
हे मला साठीला, कॉलेज रोडच्या एका दुसऱ्या मजल्यावर कळलं.

आदल्या दिवशी नळी घातली होती.
स्क्रीनवर ओला गुलाबी बोगदा
आणि एका वळणावर पांढुरका खड्डा,
कडेनं लाल, शर्टाच्या बटणाएवढा.
"गुडघ्यासाठी गोळ्या घेता?" डॉक्टर गायधनींनी विचारलं.
घेत होतो. सहा वर्षं. चहासारख्या.

बाईंनी रिपोर्टचा कागद उलटा केला,
पेशी काढली, तिच्या भिंतीत ठिपके.
"हे पंप. जेवणाची वर्दी आली
की आम्ल बाहेर ढकलतात."
वर्दी कोण देतं?
"तीन वायरी येतात. जुनी गोळी त्यातली एक तोडायची.
उरलेल्या दोन चालूच."
मला हसू आलं.
एक फेज गेला म्हणून मोटर लगेच गप्प बसत नाही, बाई,
घुरघुरत राहते.

आणि ते पातळ गुलाबी औषध?
बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या होत्या मी.
शरयू म्हणायची, औषध पिताय की डिस्टेंपर?
"ते म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.
तेवढ्यापुरती कोरडी."

ही नवी गोळी मात्र पोटात उघडतच नाही.
पोट ओलांडून आतड्यात विरघळते,
रक्तातून फिरून मागच्या दारानं पंपापाशी येते.
आम्लानंच जागी होते
आणि चालू पंपाला चिकटते, कायमची.
झोपलेला पंप तिला सापडत नाही.
म्हणून न्याहारीच्या अर्धा तास आधी.
पंप सुरू होताना तिनं तिथं हजर पाहिजे.

हे मला पटलं.
बंद मोटरीत दोष शोधणारे खूप पाहिलेत मी.

मग विचारलं, तो अडकलेला पंप दुरुस्त कोण करतं?
"कोणी नाही. शरीर नवा बनवतं.
रोज थोडे. म्हणून रोज गोळी."
यावर मला काही बोलता आलं नाही.
एकतीस वर्षं मी एक पंप भंगारात जाऊ दिला नव्हता.

शिवाय एक जंतू निघाला.
आम्लात राहतो म्हणे,
अंगाभोवती अमोनिया सोडून
आपल्यापुरती जागा सौम्य करून घेतो.
मला प्लेटिंग शॉपमधला मुकुंदा खैरनार आठवला,
ओला रुमाल तोंडाला बांधून त्या वाफेत वीस वर्षं
डबासुद्धा तिथंच खाणारा.
जंतूला चौदा दिवस अँटिबायोटिक लागली.
तोंड इतकं कडू
की शरयूनं दिलेली साखरही कडू लागली.

आता पहाटे सहाला गोळी,
मग श्रमिकनगरच्या ओट्यावर मी नुसता बसतो.
आयुष्यात पहिल्यांदा रोजचा अर्धा तास
कोणी माझ्याकडून काही मागत नाही.
कोपऱ्यावर पगारेचा मिसळीचा रस्सा उकळायला लागतो,
वास गल्लीभर येतो, पोट ओळखतं,
आत कुठंतरी पंप सुरू होत असणार
आणि प्रत्येकाजवळ एकेक जण
शांतपणे येऊन बसत असणार.

आठ आठवड्यांनी कमी करत न्यायची आहे.
"मनानं बंद करू नका," बाईंनी बजावलंय,
"दाबून ठेवलेलं आम्ल दुप्पट जोरानं येतं."
गुडघा पुन्हा ठणकतो. त्याला तेल लावतो, सहन करतो.

सवयीनं पोटावर हात ठेवून ऐकतो.
काहीच ऐकू येत नाही.
इतक्या वर्षांत असा पंप
माझ्याकडे कधी दुरुस्तीला आला नव्हता.

आतून शरयू विचारते, "झाला का अर्धा तास?"
"सात मिनिटं," मी म्हणतो.
ती पोह्यांची कढई खाली उतरवते.