एक ठिपका राखून

बत्तीस वर्षं मी नार्व्याच्या फेरीबोटीच्या पोटात
डिझेलचं इंजिन सांभाळलं.
कानावरून कळायचं त्याचं दुखणं,
खोकला कोरडा की ओला.
खलाशी अर्सेनियो म्हणायचा,
याला बायकोचा खोकला ऐकू येत नाही, इंजिनाचा येतो.

आणि आता ही.
सुलक्षानं टेंपोत घालून पाठवलेली,
तांबडी, चार चाकांची.
खुर्ची म्हणावी तर हँडल आहे,
स्कूटर म्हणावी तर किक नाही.
किल्ली फिरवली.
काहीच झालं नाही.
म्हणजे झालं होतं,
एक दिवा लागला होता;
मी आवाजाची वाट बघत बसलो.

आमच्या वेळी बॅटरी म्हणजे सहा बुचं.
एकेक उघडून पाणी बघायचं,
डिस्टिल्ड वॉटर घालायचं,
आणि सदऱ्याला ॲसिडची भोकं पाडून घरी यायचं.
हिला बूचच नाही. सीलबंद.
वर लिहिलंय, उघडू नये.
आयुष्यभर उघडण्याचाच पगार घेतलेल्या माणसाला!

पुस्तिका चष्मा लावून वाचली.
थोडी वापरली तरी रोज चार्ज करा.
पूर्ण उतरू देऊ नका.
नुसती पडून राहिली तर निकामी होते.
इथे मी जरा थांबलो.
पायाचा व्यायाम घ्यायला येते ती मुलगीही
हेच म्हणते,
फक्त ती माझ्याकडे बघून म्हणते.

हँडलावर एक चकती आहे,
एका टोकाला कासव, एका टोकाला ससा.
नातवानं पहिल्याच दिवशी सशावर नेली
आणि गडग्याचा एक चिरा सैल केला.
तेव्हापासून कासव.

पहिल्या आठवड्यात धक्क्यावर गेलो.
उताराला काय, कुणीही राजा.
पाचपैकी पाच ठिपके, वारा, खाडीचा वास,
आणि बोटीवरची नवी पोरं मला ओळखत नव्हती
तरी हात करत होती.
परतताना मोरीजवळच्या चढणीवर
ठिपके चार, तीन, दोन,
मग एकटाच एक, उघडझाप करणारा,
आणि मग तोही नाही.

क्रिकेटची पोरं धावत आली, ढकलू लागली.
गाडी ढिम्म.
चाकं धरून बसलेली, हट्टी म्हशीसारखी.
थांबा रे, म्हटलं,
मागे पिवळा दांडा आहे, तो खाली करा,
त्याशिवाय ब्रेक सुटत नाही.
करा, पण मागून धरून ठेवा,
नाहीतर मी थेट नदीत.
पुस्तिकेतलं पान चौदा.
कित्येक महिन्यांनी कुणीतरी
मी सांगितलं तसं केलं.

ठिपके खोटं बोलत नाहीत, हे नंतर समजलं.
चढणीवर दोन दाखवते,
माथ्यावर जरा उभी राहिली की पुन्हा तीन.
दमते, एवढंच.
भरती-ओहोटी मला बोटांवर पाठ आहे,
हिची वेळ अजून लिहून ठेवतो,
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली.

रात्री चार्जरचा लाल डोळा पडवीत.
वीज जाते, डोळा मिटतो,
आणि मी अंथरुणात जागा होतो,
इंजिन मध्येच बंद पडल्यावर व्हायचो तसा.
वीज येते. लाल.
पहाटे कधीतरी हिरवा.
प्लग काढतो, वायर गुंडाळतो,
ओलं लागू नये म्हणून फळीवर ठेवतो.

आणि हो, आवाज आहे.
परवा सापडला.
खटका दाबला की चालण्याआधी
मागच्या चाकाशी एक बारीक टक्,
ब्रेक सुटल्याचा.
एवढाच. पण आहे.

काल अर्सेनियो धक्क्यावर भेटला,
गळ टाकून बसलेला, एक शेवटाही न लागलेला.
काय म्हणते तुझी नवी?
खोकत नाही, म्हटलं.
बस थोडा, म्हणाला, भरती वळू दे.
मी ठिपके बघितले.
नको, निघतो.
चढणीला दोन लागतात,
आणि एक राखून ठेवायचा असतो.